घड्याळनानांचा उजवा डोळा

ध्यानाला बसलेल्या माणसाचे दोन्ही डोळे मिटलेले असतात, हा माझा समज नानांनी पहिल्याच सकाळी मोडून टाकला.

मुळशी भागातल्या त्या गावात शिक्षिका म्हणून मी आदल्या संध्याकाळी उतरले होते. पौडपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, आणि अंगभर लाल धूळ. नाना आणि काकू या वृद्ध जोडप्याच्या घराची पडवी मला राहायला मिळाली होती. सकाळी घागर घेऊन बाहेर आले, तर अंगणाच्या टोकाला, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून, एक उंच काटकुळे गृहस्थ आसनावर ताठ बसलेले. कपाळावर भस्माचे पट्टे, हात गुडघ्यांवर, डावा डोळा घट्ट मिटलेला. उजवा मात्र टक्क उघडा होता आणि थेट माझ्याकडे पाहत होता. मी ओशाळून पदर सावरला. तेवढ्यात त्या मूर्तीच्या तोंडून दबका, थरथरता आवाज आला,

“हलू नकोस! घागरीवर बसलाय.”

घागरीच्या काठावर एक चतुर बसला होता. त्याच्या पंखांवर दंव होते, आणि कोवळे ऊन त्या दंवातून झिरपून घागरीच्या तांब्यावर सांडत होते.

“पंख बघ, पंख! केवढी ती जाळी, आणि एक टाका चुकलेला नाही! अहाहा!” पद्मासन सोडून नाना उठलेदेखील. चतुर उडाला. त्याच्या मागे अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत नाना, अनवाणी.

आतून काकूंचा आवाज आला, “मोडलं वाटतं आजचं? मग आंघोळीचं पाणी काढते.”

नानांचे पुण्यात घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. उभी हयात त्यांनी डावी पापणी मिटून आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून चाकांच्या दात्यांकडे पाहण्यात घालवली होती. त्या सवयीने त्यांचे डोळे कायमचे एकमेकांना बांधले गेले होते. डावा मिटला की उजवा आपोआप उघडत असे, तराजूचे एक पारडे खाली गेले की दुसरे वर यावे तसा. गाव त्यांना घड्याळनाना म्हणे. पण नानांच्या मनगटावर घड्याळ नव्हते आणि घरातही नव्हते. दुकान पुतण्याला देताना त्यांनी बरोबर आणले ते फक्त भिंग.

ते इथे आले होते डोळे मिटायला शिकण्यासाठी. त्यांच्या वडिलांना एका परंपरेत अनुग्रह मिळालेला होता. त्याच परंपरेतल्या महाराजांकडून आपल्यालाही तो मिळावा, ही नानांची तरुणपणापासूनची आस. महाराजांनी त्यांना एकदा समोर बसवून पाहिले आणि म्हटले, “तुमचे डोळे बाहेर फार हिंडतात. त्यांना घरी आणा, मग या.” नाना पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर घेऊन आले. शेवटी काकूंच्या माहेरचे रिकामे पडलेले हे घर त्यांनी साधनेसाठी निवडले.

“डोळे मिटायचे तर माणूस अंधाऱ्या खोलीत बसतो,” काकू कपाळावर हात मारून म्हणत, “हे आले मुळशीत! म्हणजे जिभेला लगाम घालायचा म्हणून हलवायाच्या दुकानात बिऱ्हाड केल्यातली गत.”

आणि खरेच, त्या गावात डोळे मिटून बसणे सोपे नव्हते. सकाळी धरणाच्या पाण्यावरून धुके उठे ते सरळ वर जात नसे. आधी काठाकाठाने चालत येई, गोठ्यांत डोकावे, पळसाच्या बुंध्याशी रेंगाळे, आणि मग एकाएकी आठवण झाल्यासारखे नाहीसे होई. ओल्या शेणाचा, करवंदीच्या फुलांचा, चुलीतल्या पहिल्या धुराचा वास एकमेकांत मिसळून येई. नानांचे आसन त्या सगळ्याच्या वाटेवर. रोज ते नव्या निश्चयाने बसत आणि रोज कोणीतरी त्यांना उठवी. कधी खंड्याची निळी झेप, कधी गडग्यावरून जाणारी मुंग्यांची वरात, कधी नुसताच वाऱ्याने उलटा केलेला पिंपळाचा पाला.

नानांची एक लकब मी कधी विसरणार नाही. घड्याळ हाती आले की ते पूर्वी आधी कानाला लावत असणार. इथे ते कशालाही कान लावत. आंब्याच्या बुंध्याला, पाण्यातल्या कातळाला, मधमाश्यांनी भरलेल्या भिंतीच्या भोकाला. चेहऱ्यावर एक विलक्षण ताण येई, मग तो सैल होई आणि नाना हर्षाने ओरडत, “चालू आहे! चालू आहे हो!” जणू कुणीतरी बंद पडले म्हणून दुरुस्तीला टाकलेले हे जग त्यांनी नुकतेच तपासले होते.

एकदा पावसाची उघडीप असताना त्यांनी मला शाळेच्या वाटेवर अडवले. “मास्तरीणबाई, चल, गाभारा दाखवतो.” मला वाटले, देवळात न्यायचे आहे. त्यांनी गडग्याच्या दगडासमोर मला उकिडवे बसवले आणि भिंग माझ्या डोळ्याशी धरले. दगडावरच्या शेवाळाचा तो हिरवा चट्टा एकदम अरण्य झाला. केसाएवढ्या देठांवर इवले इवले कलश उभे होते. प्रत्येकाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब, आणि प्रत्येक थेंबात उलटे, अखंड आकाश. माझ्यावर कॉलेजातल्या कवितेचे संस्कार. मी लगेच काही सुंदर बोलू पाहत होते.

“विशेषण शोधू नकोस,” नाना कानाशी कुजबुजले. “ते पळून जात नाही. हे वाळतंय. आधी बघ.”

त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोहोचले, चिखलाने भरलेल्या गुडघ्यांनी आणि अकारण हसऱ्या तोंडाने.

पण संध्याकाळी दिवेलागणीला हेच नाना निराळे दिसत. पायरीवर बसून भिंग धोतराच्या सोग्याने पुसत राहत. “आजही नाही जमलं,” ते एकदा म्हणाले. “माझे वडील गेले ना, तेव्हा त्यांच्या ओठांवर गुरूंनी दिलेलं नाम होतं. मी जाईन तेव्हा काय असेल माझ्या ओठांवर? अहाहा?” मी हसले, आणि त्यांचा चेहरा पाहून हसू तोंडातच थिजले. ही थट्टा नव्हती. त्यांना भय वाटत होते.

गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, वाघजाईची देवराई होती. तिथे अनवाणी जायचे, वाळलेले पानही बाहेर न्यायचे नाही, हा दंडक. धोंडू गुरव तिथली पूजाअर्चा करी. माघ सरताना तो एक दिवस नानांकडे आला आणि दारातूनच म्हणाला,

“नाना, डोळं मिटलं का?”

“नाही रे बाबा.”

“मग चला वर. एक बाई दावतो, लई दिस डोळं मिटून बसणारी. तिचं बगून शिका.”

देवराईतल्या जुन्या बेहड्याच्या खोडात, पार उंचावर, एक ढोली होती. धनेश पक्ष्याची मादी त्या ढोलीत शिरली होती आणि आतून तिने दार लिंपून घेतले होते. उरली होती फक्त चोच मावेल एवढी फट. नर रानभर हिंडून उंबरे आणी, फांदीवर बसे, आणि एकेक फळ त्या फटीतून आत देई. आत अंधारात ती, तिची अंडी, आणि बाहेर भरलेले अवघे रान.

“आमी हिला बाळंतीण म्हंतो,” धोंडू हळू आवाजात म्हणाला. “ती आत हाय तंवर हितं ढोल न्हाई, ताशा न्हाई. ह्ये बगा, घंटंलाबी फडकं बांदलंय. ती भाईर आली, की जो पयला बगंल त्यानं वरडायचं, ‘सुटली!’ मंग घंटा, मंग झाडाची वटी भरायची. आन त्यो वरडा चुकला, तर गावातल्या बायास्नी ते साल जड जातं.”

नाना बेहड्याला कान लावून उभे होते. मग वळले, आणि मी त्यांना इतके आनंदलेले पूर्वी पाहिले नव्हते. “अगं, ही अनुष्ठानाला बसलीय! अन्न दारात येतंय, उजेड एका फटीतून येतोय, आणि ही बसलीय! मला गुरू भेटला!”

त्या दिवसापासून नानांचे आसन बेहड्याखाली गेले. वर ती, खाली हे. गावाला ऐन उन्हाळ्यात करमणूक मिळाली. पाणवठ्यावर बायका काकूंना विचारत, “काकू, तुमच्यात कोन आदी सुटनार, पाखरू का नाना?” काकू हंडा डोक्यावर चढवत म्हणत, “पाखराला निदान पदरात काहीतरी पडणार आहे.” मात्र नानांचे कोरडे जेवण फडक्यात बांधून रोज वर पोहोचते होई. ते नेणारी बहुधा मीच. काकू कधी देवराईत गेल्या नाहीत. “मला वर बघायला सवड नाही. माझं सगळं जमिनीवर असतं,” त्या म्हणत.

आणि आश्चर्य असे की नानांना जमू लागले. नर आला की त्याच्या पंखांचा फडफडाट होई, उंबराचा देठ खाली पडे, आणि नाना दोन्ही डोळे मिटून बसलेले असत. दोन्ही! उजवी पापणी फुलपाखरासारखी थरथरे. पण मिटलेली राही. वैशाख लागला तेव्हा त्यांनी महाराजांकडे निरोप धाडला.

महाराज स्वतः आले. फार वृद्ध, कृश, गाडीतून उतरताना त्यांना दोघांनी धरले. बोलणे थोडे आणि इतके हळू की ऐकणाऱ्याने आपोआप श्वास रोखावा. “माझा हा शेवटचा प्रवास,” ते काकूंना म्हणाले. म्हणजे नानांची ही शेवटची संधी, हे उपस्थितांपैकी प्रत्येकाला समजले. अट एकच होती. निरांजन लावायचे, त्यातली वात विझेपर्यंत डोळे न उघडता, आसन न मोडता बसायचे. जमले तर तिथेच अनुग्रह.

सकाळी सारे गाव अनवाणी देवराईत जमले. हवेत वैशाखाचा कढत, गोडसर वास होता. पिकल्या करवंदांचा, तापल्या दगडांचा. बेहड्याखाली महाराज, समोर नाना, मध्ये निरांजनाची ज्योत. दोघांचेही डोळे मिटलेले. मागे बायका, पुरुष, आणि फडके बांधलेल्या घंटेखाली धोंडू. इतकी शांतता की वाळके पान फांदीवर आपटत खाली येताना त्याचा प्रत्येक थांबा ऐकू येत होता. मी नानांच्या उजव्या पापणीकडे पाहत होते. ती हलतही नव्हती. तूप सरत आले, ज्योत बुटकी झाली, आणि माझे मन आधीच नाचू लागले.

तेव्हा वरून आवाज आला. टक्.

मग पुन्हा. टक्, टक्. लिंपणाचा एक वाळका कपचा फांद्यांतून आदळत आला आणि महाराजांच्या आसनाशी पडला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. फटीची भेग झाली होती, भेगेचे भगदाड होत होते. पिवळसर बाकदार चोच आतून भिंत फोडत होती. मग धुळकट, विस्कटलेले डोके बाहेर आले. मग एक खांदा. मग, अंधाराला चिकटून बसलेले ते सबंध शरीर ढोलीच्या ओठावर येऊन टेकले, आणि तिने इतक्या दिवसांचे मिटलेले पंख उघडून पाहिले.

कोणी ओरडेना! बायकांनी पदर तोंडात कोंबले होते. धोंडूचा चेहरा रडकुंडीला आला होता. एकदा तो वर पाही, एकदा महाराजांकडे. त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर आवाज करण्याची कोणाची छाती नव्हती, आणि ओरडा चुकला तर काय होते हे प्रत्येकाला माहीत होते. गर्दीच्या कडेला एक दिवस भरलेली पोर उभी होती. तिने दोन्ही हात पोटावर धरले होते. ज्योत आता नुसता निळा बिंदू होऊन वातीच्या टोकाला लोंबत होती.

नानांची उजवी पापणी थरथरली.

“नाना, नको,” मी मनात म्हणाले. ओठांवरही आले असेल.

आणि नाना उठले! दोन्ही डोळे सताड उघडून, दोन्ही हात आभाळाकडे फेकून, फाटलेल्या आनंदी आवाजात ओरडले, “सुटली! सुटली! अहो बघा, सुटली!”

धोंडूने फडके ओरबाडले. घंटा घणघणली. “वाघजाईच्या नावानं चांगभलं!” म्हणत अवघे गाव उसळले, त्या पोरीला बायकांनी मिठ्या मारल्या, मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. डोक्यावरून दोन धनेश एकामागून एक गेले, आणि त्यांच्या सावल्या आमच्या तोंडांवरून पाण्यासारख्या वाहून गेल्या.

गलबला ओसरला तेव्हा नाना महाराजांसमोर हात जोडून उभे होते. निरांजन विझले होते. ते त्यांच्या उठण्याच्या आधी विझले की वाऱ्याने नंतर, हे कोणीच पाहिले नव्हते. गावातले काहीजण म्हणाले, आधीच. महाराजांनी नानांनाच विचारले.

“वात होती का?”

“होती, महाराज,” नाना म्हणाले.

“मग आसन मोडलं.”

“मोडलं.”

“अनुग्रह देता येणार नाही.”

“नाही,” नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तरी चेहऱ्यावरचा तो उजेड काही केल्या जात नव्हता. “पण ती निघाली, महाराज.”

महाराज उठले. जाता जाता त्यांनी पायाशी पडलेला लिंपणाचा कपचा पाहिला आणि, जणू सहज, विचारले, “पिल्लं?”

“आतच आहेत. आता ती आपली आपण दार लिंपून घेतील. आईबाप बाहेरून भरवतील.”

“हं,” महाराज म्हणाले.

त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी निघायची होती. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, तर दोघांचीही अंथरुणे रिकामी. मला वर पिटाळले. देवराईच्या तोंडाशीच मी थबकले. बेहड्याखालच्या कातळावर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते, माना मागे टाकून, तोंडे किंचित उघडी, शाळा चुकवून आलेल्या मुलांसारखे. नर फळ घेऊन फांदीवर उतरला. महाराजांनी नानांचा दंड घट्ट धरला.

अनुग्रह मात्र मिळाला नाही. ते शब्द फिरले नाहीत. काही वर्षांनी मी नानांना विचारले, “खंत वाटते?”

“वाटते की,” ते म्हणाले. “वडिलांकडे होतं ते माझ्याकडे नाही, याची वाटणारच. पण मला सांग, मी बसून राहिलो असतो तर ओरडलं कोण असतं?” आणि ते पायरीच्या दगडाला कान लावून खुशीत हसले.

नाना गेले ते एका चैत्रात, दुपारी, खाटेवर पडल्या पडल्या. मी शाळेतून धावत आले तेव्हा काकू त्यांच्या उशाशी होत्या. खिडकीत बहावा फुलला होता आणि खोलीभर त्याचा पिवळा उजेड होता.

“काही म्हणाले?” मी विचारले.

“बाहेर बघितलं, आणि म्हणाले,” काकूंनी त्यांची चादर सारखी केली, “त्यांचं नेहमीचंच.” मग त्यांनी हाताने नानांचा उजवा डोळा मिटला. डावा आधीच मिटलेला होता.

स्मशानाची वाट देवराईच्या खालून जाते. बाळंतीण ढोलीत होती. म्हणून गावाने नानांना आवाज न करता नेले. टाळ नाही, नामाचा गजर नाही, नुसते अनवाणी पाय आणि पाचोळा. देवराईशी धोंडूने तिरडी क्षणभर खाली ठेववली. वर उंबर पडल्याचा आवाज झाला. मग पुन्हा पाय चालू लागले.

त्यानंतर काकू सकाळ-दुपार घराला कडी घालून कुठे जातात, हे मी विचारले नाही. वैशाखातली एक सकाळ होती. मी त्यांच्याच अंगणात कुरडया वाळत घालत होते. हाताला ओल्या चिकाचा थंडपणा, पाठीवर ऊन. आणि डोंगरावरून एक हाक आली. म्हातारी, चिरकी, कधीही मोठ्याने न ओरडलेल्या गळ्यातून फुटलेली.

“सुटली! अहो, सुटली! बघा!”

हाक गावाला नव्हती. ‘अहो’ म्हणून काकू जगात एकाच माणसाला हाक मारत.

मग घंटा वाजली.